संगणकाला पाण्याचा कूलर कशाला?

'कूलर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? खिडकीत बसवलेला पत्र्याचा चौकोनी डबा, त्याला लावलेले वाळ्याचे पडदे, आणि दुपारभर घरातल्या बाईला बादल्या वाहायला लावणारी त्याची ती कायम रिकामी टाकी. त्यामुळे रात्री जेवताना लेकाने किंवा लेकीने "आई, कॉम्प्युटरला लिक्विड कूलर घ्यायचाय, आठ हजार लागतील," असे सहज म्हटले, की घास हातातच राहतो. विजेच्या यंत्रात पाणी? आणि तेही आपणच पैसे मोजून?

आपल्या इस्लामपुरात हा प्रश्न आता काही जगावेगळा राहिलेला नाही. राजारामनगरला १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून इथल्या घरांना 'मुलगा संगणक शिकतो' हे वाक्य सवयीचे झाले. पुढे संगणक घरातच आले. आता त्यांतले काही साधे राहिले नाहीत. काचेच्या कपाटात बसवलेले, आत रंगीत दिवे लुकलुकणारे, खेळासाठी म्हणून घेतलेले आणि कामालाही तेवढेच उपयोगी पडणारे हे दांडगे संगणक तापतात मात्र सपाटून. तेव्हा हा कूलर म्हणजे काय, तो कोणाला हवा, कोणाला नको, आणि बसवताना काय सांभाळायचे, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे. कारण पैसे शेवटी आपल्याच डब्यातून निघणार!

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. काड्याच्या पेटीहून थोडी मोठी अशी ही चकती, पण जोरात काम करू लागली की शंभर, दीडशे, कधी अडीचशे वॉटसुद्धा वीज खाते. खाल्लेली ही वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. आपली कपड्यांची इस्त्री साडेसातशे ते हजार वॉटची असते, पण तिचे बूड केवढे मोठे! इथे एवढ्याशा जागेत ती उष्णता कोंडते. ती काढून घेतली नाही, तर प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात गेला की स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तरीही निभले नाही तर यंत्र बंद पडते. त्यात त्याचा शहाणपणाच आहे. जळण्यापेक्षा थांबलेले बरे.

म्हणून प्रत्येक प्रोसेसरच्या डोक्यावर काही ना काही थंड करणारे असतेच. बहुतेक संगणकांत ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक गोल तुकडा आणि त्यावर पंखा असतो. याच्यापुढचा प्रकार म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि पात्यांचा उंच मनोरा, त्याला मोठा पंखा. हे दोन्ही हवेचे कूलर. तिसरा प्रकार आपल्या मुलांनी मागितलेला, पाण्याचा.

यातले तत्त्व आपण रोज स्वयंपाकघरात वापरतो. तापलेले दूध लवकर निववायचे असेल तर आपण पातेल्यावर पुठ्ठ्याने वारा घालत बसत नाही, परातीत पाणी घेऊन त्यात पातेले ठेवतो. पाणी उष्णता ओढून घेते. हवा आणि पाणी आकारमानाने सारखे घेतले, तर तेवढ्याच तापमानवाढीत पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेते. ट्रॅक्टर दारात असलेल्या घरांत तर हे वेगळे सांगायलाच नको. इंजिनाभोवती पाणी फिरते, तापते, पुढच्या जाळीदार रेडिएटरमध्ये जाते, तिथे पंख्याच्या वाऱ्याने निवते, आणि परत इंजिनाकडे येते. संगणकाचा लिक्विड कूलर म्हणजे हेच सगळे, फक्त आकाराने बरेच लहान. प्रोसेसरवर बसणारी तांब्याची चकती आणि तिच्या डोक्यावर छोटासा पंप, दोन रबरी नळ्या, एक जाळीचा रेडिएटर, आणि त्याला दोन किंवा तीन पंखे. पंपाचे म्हणाल, तर आपल्या भागाला त्याचे काय अप्रूप! १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी इथून जवळच. (आपल्यासारख्या बायकांसाठी 'स्त्री' मासिक १९३० साली निघाले तेही तिथूनच.) फरक एवढाच, की विहिरीवरचा पंप घोड्यांच्या शक्तीत मोजतात आणि हा जेमतेम तीन-पाच वॉटचा.

एक मात्र सांगून ठेवते. खिडकीतल्या कूलरसारखे याचे पाणी उडून जात नाही. आतले द्रव्य, म्हणजे पाणी आणि गंज धरू नये म्हणून मिसळलेली रसायने, कारखान्यातच भरून बंद केलेले असते. त्यात कोणी पाणी घालायचे नाही, बदलायचे नाही. म्हणून ती बादलीची धास्ती सोडा.

पाण्याने संगणक निववणे हे मुलांचे खूळ आहे असेही समजू नका. अमेरिकेत १९८५ साली 'क्रे-२' नावाचा महासंगणक आला, त्याचे सगळे भाग चक्क एका खास द्रवात बुडवलेले होते. आपल्या पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था निघाली, तिने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला, हे आपण मुलांच्या पुस्तकांत वाचले आहेच. त्याच घराण्यातला 'परम ब्रह्म' पुण्यातल्या आयसर या संस्थेत २०१९ मध्ये बसला, आणि तो तापू नये म्हणून त्याच्या भागांना थेट भिडलेल्या चकत्यांतून पाणी खेळवलेले आहे. तेव्हा विजेशेजारी पाणी नांदू शकते. प्रश्न आहे तो आपल्या घरात त्याची गरज आहे का, एवढाच.

खेळाने तापते की कामाने?

आमच्या मागच्या आळीतल्या एका वहिनींच्या घरची हकीकत सांगते, म्हणजे बोलणे नुसते पुस्तकी राहणार नाही. वहिनींची सून पुण्याची. लग्नानंतर इथे आली ती आपला संगणक घेऊनच. बंगल्यांची, फ्लॅटची, अजून न बांधलेल्या घरांची हुबेहूब चित्रे तयार करून देण्याचे काम ती घरी बसून करते. काम पुण्याच्या ऑफिसचे, पगार बरा. आणि रात्री नऊ ते अकरा, कानाला हेडफोन लावून, ती खेळ खेळते. होय, बंदुका-बिंदुकांचे. वहिनींना हे पहिल्यापासून खटकत होते, पण बोलणार काय?

मार्च उजाडला आणि संगणक कुरकुरू लागला. चाळीस मिनिटांत व्हायचे चित्र तासावर जाऊ लागले. पंखा असा ओरडायचा की खाली माजघरात ऐकू यावा. काम वेळेवर जाईना, तिकडून फोन येऊ लागले. सून म्हणाली, "आई, कूलर बदलावा लागेल, नऊ हजारांपर्यंत जातील." वहिनींच्या भिशीचे पैसे नेमके त्याच महिन्यात लागले होते, आणि ते त्यांनी घरघंटीसाठी ठेवले होते. गिरणीच्या रांगेत उभे राहून त्यांचे गुडघे दुखतात. त्या मला म्हणाल्या, "रात्ररात्र खेळून तापवायचं हिनं, आणि निववायचं माझ्या भिशीनं. हे कुठलं गं?"

मला वाटते, अशा वेळी दोघींनी भांडण्यापेक्षा यंत्रालाच विचारावे. संगणकात तापमान दाखवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात, 'एचडब्ल्यू इन्फो' हा त्यातलाच. सुनेने तो सुरू करून ठेवला आणि चार दिवस आकडे वहीत लिहिले. लिहिले कोणी? वहिनींनी. दुपारी चित्र तयार होत असताना प्रोसेसर ९९ ते १०० अंशांवर चिकटून बसलेला. रात्री खेळताना? ७२, ७४, फार तर ७८.

असे का, तर चित्र तयार करताना प्रोसेसरचे सगळे भाग एकाच वेळी पूर्ण जोरात राबतात. खेळात तसे नसते. तिथे खरी मेहनत ग्राफिक्स कार्ड करते, आणि त्याला त्याचे स्वतःचे पंखे असतात. वहिनींनी वही बंद केली आणि एवढेच म्हणाल्या, "म्हणजे कामानंच तापतंय की." यापुढे त्या घरात खेळावरून शब्द निघाला नाही. खेळाबद्दल त्यांचे मत बदलले असेल असे मात्र मला वाटत नाही.

या हकीकतीतून तुमच्याही उपयोगाची एक गोष्ट निघते. मुलगा नुसता खेळत असेल, तर बऱ्याचदा जास्त उष्णता ग्राफिक्स कार्डची असते. मध्यम कार्ड सव्वाशे ते दोनशे वॉट खाते, आणि 'आरटीएक्स ४०९०' सारखे महागडे साडेचारशे. प्रोसेसरला लावलेला पाण्याचा कूलर या कार्डाला काडीचाही गारवा देत नाही. तेव्हा "आई, गेम अडकतोय, कूलर पाहिजे," असे कोणी म्हणाले तर आधी विचारा, तापतंय कोण? आकडा दाखव.

आधी फुकटचे उपाय

पैसे काढण्याआधी वहिनींच्या घरी आम्ही तीन गोष्टी केल्या.

कॅबिनेटच्या पुढची आणि खालची जाळी काढून पाहिली. गाळप हंगामात आपल्याकडे काय होते ते ठाऊकच आहे. उसाचा पाला पेटवला की काजळी उडते, दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काळे धागे पडतात. तीच काजळी संगणक दिवसभर नाकाने ओढत असतो. वहिनींच्या घरी ती जाळी अशी माखलेली, की आरपार काही दिसेना. साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून परत बसवली. स्वयंपाकघराला लागून संगणक असेल तर फोडणीच्या वाफेने हीच धूळ चिकट होते, ती आणखी वाईट.

दुसरे, जागा. संगणक माडीवर, पश्चिमेच्या भिंतीला, टेबलाखालच्या बंद कप्प्यात कोंबलेला. मागून निघालेली गरम हवा परत पुढून आत. तो कप्प्यातून काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवला. इथे एक मुद्दा पक्का समजून घ्या. कोणताही कूलर, हवेचा असो की पाण्याचा, खोलीपेक्षा जास्त थंड करू शकत नाही. वैशाखात खोलीच अडतीस अंशांवर असेल तर आतले पाणी त्याच्या वरच राहणार. आणि उष्णता नाहीशीही होत नाही, प्रोसेसरवरून उचलून ती खोलीतच टाकली जाते. कूलर बसवला की खोली गार होईल, किंवा विजेचे बिल उतरेल, असे कोणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. बिलाचा हिशेब साधा आहे. पूर्ण कामात साडेतीनशे वॉट खाणारा संगणक दिवसाला सहा तास चालला, तर दोन युनिटच्या वर, म्हणजे महिन्याला त्रेसष्ट युनिट. कूलर कुठलाही असला तरी हे तेवढेच.

(खिडकीतला ओल्या वाऱ्याचा कूलर थेट संगणकावर सोडू नका हं. दमट हवा आतल्या धातूला सोसत नाही.)

तिसरे, पेस्ट. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये करड्या रंगाची पेस्ट असते. बूड वाकलेला तवा विजेच्या शेगडीवर ठेवला की चार ठिकाणीच टेकतो आणि पोळी कच्ची राहते, तसे इथे डोळ्यांना न दिसणारे खळगे असतात. ते ही पेस्ट भरून काढते. काही वर्षांनी ती वाळते. दोन-तीनशे रुपयांत छोटी नळी मिळते.

एवढे केल्यावर रात्रीचा खेळ ६८ अंशांवर आला. दुपारचे काम मात्र ९५-९६ वरच. कारणही कळले. सुनेचा प्रोसेसर इंटेलचा आय-सेव्हन, १२७०० क्रमांकाचा. कागदावर तो ६५ वॉटचा आहे, पण जोरात असताना १८० वॉटपर्यंत जातो, आणि खोक्यात फुकट मिळालेला कूलर त्या मानाने चिमुकला. आता खर्च करणे भाग होते.

हवेचा घ्यावा की पाण्याचा?

माझे मत विचाराल तर बहुतेक घरांना हवेचा मनोराच पुरे. दोन ते साडेतीन हजारांत चांगला येतो, दोन मनोऱ्यांचा घेतला तर चार ते सात हजार. त्यात बिघडायला पंख्याखेरीज काही नाही, आणि पंखा पाच-सातशे रुपयांत बदलता येतो. पाण्याच्या कूलरचा पंप मात्र गेला की सगळेच गेले. तो साधारण पाच-सात वर्षे चालतो, शिवाय रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडे थोडे द्रव्य उडतच असते.

मग पाण्याचा घ्यावा कोणी? ज्यांचा प्रोसेसर दीडशे-दोनशे वॉटच्या पुढे तासन् तास राबतो, त्यांनी. ज्यांच्या कॅबिनेटमध्ये उंच मनोरा मावत नाही, त्यांनी. आणि संगणक वरचेवर हलवावा लागत असेल तरीही त्याचा विचार करावा, कारण किलोभर वजनाचा मनोरा मदरबोर्डला आडवा लटकलेला असतो आणि टेम्पोच्या धक्क्यांत ते बरे नव्हे.

आकार रेडिएटरच्या लांबीवर ठरतो. १२० मिलिमीटरचा म्हणजे एक पंखा. तो घेऊच नये, त्या पैशांत हवेचा चांगला येतो. २४० चा दोन पंख्यांचा, साधारण पाच ते नऊ हजार. ३६० चा तीन पंख्यांचा, आठ हजारांपासून पुढे कितीही. पंपाच्या डोक्यावर दिवे, छोटा पडदा, त्यावर हलणारी चित्रे असली की दोन-तीन हजार वाढतात. लग्नाच्या मांडवासारखी ती रोषणाई प्रोसेसरला एक अंशही गार करत नाही. पोराला हौस असेल तर त्याच्या पैशांनी!

सून आणि वहिनी कोल्हापूरला गेल्या. दुकानदार ३६० च्याच मागे लागला, "मॅडम, घ्यायचं तर एकदाच मोठं घ्या." वहिनींनी पिशवीतून शिलाईची टेप आणि कागद काढला. घरून निघतानाच त्यांनी कॅबिनेट आतून मोजून घेतले होते. रेडिएटरची जाडी सत्तावीस मिलिमीटर आणि त्याला लागलेले पंखे पंचवीस, म्हणजे छताखाली बावन्न मिलिमीटर मोकळी जागा हवी. लांबी पाहिली तर वर दोनच पंखे बसतात. मनोऱ्याचेही माप होते. १५८ मिलिमीटर उंचीचा कूलर ठेवला तर बाजूची काच लागत नव्हती. म्हणजे २४० चा पाण्याचा, दुसरे काही नाही. ब्लाऊजपीस घेतानासुद्धा आपण माप सांगतो, मग हे नऊ हजारांचे यंत्र डोळे मिटून कसे घ्यायचे?

दुकानात आणखी चार गोष्टी विचारून घ्या. आपल्या मदरबोर्डच्या सॉकेटला, म्हणजे इंटेलचे 'एलजीए १७००', 'एलजीए १८५१' किंवा एएमडीचे 'एएम ४', 'एएम ५' जे असेल त्याला, लागणारे क्लॅम्प खोक्यात आहेत का. वॉरंटी किती, तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत ती असते. बिघडला तर पाठवायचा कुठे आणि कुरिअरचा खर्च कोणाचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गळून दुसरे भाग खराब झाले, तर कंपनी त्यांची भरपाई देते का. काही कंपन्या देतात, पण ते वॉरंटीच्या कागदावर लिहिलेले दिसले पाहिजे. तोंडी सांगितलेले कोर्टात काय, त्याच दुकानातही चालत नाही.

बसवताना

काम अवघड नाही, पण दोन माणसे हवीत आणि घाई नको. रविवारची सकाळ उत्तम. त्या दिवशी सुती कपडे घाला. कोरड्या हवेत नायलॉनच्या साडीला चटचट ठिणग्या बसतात ना, त्याच आतल्या नाजूक भागांच्या वैरी. बांगड्या उतरवून ठेवा, मंगळसूत्र पदराआड घ्या, नाहीतर ते नेमके मदरबोर्डवर घासते. गोधडी-सतरंजीवर काम मांडू नका, टेबलावर वर्तमानपत्र अंथरा.

आधी संगणक दहा मिनिटे चालवून कोमट होऊ द्या, म्हणजे जुनी पेस्ट सैल पडते. मग बंद करून प्लग उपसून ठेवा आणि सुरू करायचे बटण एकदा दाबा, आत उरलेली वीज निघून जाते. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. जुना कूलर सरळ उपटायचा नाही, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवायचा. एएमडीच्या जुन्या 'एएम ४' प्रोसेसरला खाली बारीक पिना असतात. ओढले तर कूलरबरोबर प्रोसेसरच निघून येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाने किंवा धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी. नेलपॉलिश काढायचे औषध मुळीच नको.

मदरबोर्डच्या पाठीमागे एक पट्टी लावावी लागते. ती एकाने धरायची, दुसऱ्याने पुढून स्क्रू पिळायचे. वहिनींच्या घरी धरणाऱ्या वहिनीच होत्या. पंखे रेडिएटरला लावताना हवेची दिशा बघा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या दांड्या दिसतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते. रेडिएटर छताला असेल तर हवा वर बाहेर जावी, गरम हवेचा तोच रस्ता. स्क्रू खोक्यातलेच वापरा. घरातला लांब स्क्रू घातलात तर तो रेडिएटरलाच भोसकतो.

जागेबद्दल एकच नियम लक्षात ठेवा, पंप सगळ्यांत उंच नको. बंद नळ्यांतही थोडी हवा असते, ती वर जाऊन बसते. रेडिएटर वर असेल तर हवा त्याच्या कोपऱ्यात निमूट राहते. पंपच वर असेल तर ती पंपात अडकते. तो मग गुरगुरतो आणि लवकर जातो. रेडिएटर पुढच्या बाजूला उभा लावलात, तर त्याचा वरचा काठ पंपापेक्षा उंच हवा.

आता तांब्याच्या चकतीवरचा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा काढा. काढलात का? परत बघा. बसवणाऱ्यांकडून सगळ्यांत जास्त राहून जाते ते हेच. चकतीला पेस्ट कारखान्यातूनच लावलेली असेल तर वर आणखी लावू नये. नसेल तर प्रोसेसरच्या मध्यावर मटाराच्या दाण्याएवढी. जास्त घातल्याने गुण जास्त येत नाही, नुसती ओघळते. चार स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांनी, थोडे थोडे करून आवळायचे, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे.

पंपाची वायर मदरबोर्डवर 'ए.आय.ओ. पंप' किंवा 'पंप' लिहिलेल्या जागी, आणि पंख्यांची 'सी.पी.यू. फॅन' लिहिलेल्या जागी. ही दुसरी जागा रिकामी राहिली तर बरेच संगणक पंखा नाही म्हणून सुरूच व्हायचे नाकारतात, घाबरू नका. पंप कायम पूर्ण वेगात ठेवायचा, मंदावायचे ते पंखे.

सुरू केल्यावर लगेच कामाला लावू नका. बायोस नावाचा पहिला पडदा उघडून तापमान बघा. उन्हाळ्यात चाळीस-पन्नासवर स्थिर राहिले तर ठीक. मिनिटा-दोन मिनिटांत नव्वदकडे धावले तर तत्काळ बंद करा. पापुद्रा राहिला आहे, नाहीतर पंपाची वायर लागलेली नाही. पहिले एक-दोन दिवस आत झुळझुळ ऐकू येते, ती हवा बाजूला सरकत असते.

सुनेचा संगणक आता भर कामात ८१-८२ वर असतो, आणि चित्र पुन्हा चाळीस मिनिटांत होते. घरघंटी अजून यायची आहे.

पुढची निगा

लाइट गेली तर पंप थांबेल आणि प्रोसेसर जळेल, अशी धास्ती काहींना वाटते. तसे होत नाही, कारण प्रोसेसरही त्याच क्षणी थांबतो. धोका आहे तो अर्धवट राहिलेल्या कामाला. त्यासाठी यू.पी.एस. हवा, आणि साध्या संगणकाचा सहाशे व्ही.ए.चा इथे पुरत नाही, हजार-पंधराशेचा लागतो. भिंतीतल्या अर्थिंगची वायरमनकडून एकदा तपासणी करून घ्या.

गळती क्वचित होते, पण होऊ शकते. महिन्यातून एकदा बॅटरीच्या उजेडात नळ्यांचे सांधे बघावेत. ओल दिसली तर आधी भिंतीवरचे बटण बंद करायचे, मग प्लग काढायचा, आणि त्यानंतर आत हात घालायचा. पुसून, आडवा ठेवून, एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यायचा. केस वाळवायच्या यंत्राचा गरम झोत नको. फोटो काढून ठेवा, वॉरंटीला उपयोगी पडतात.

जाळ्या एरवी महिन्यातून एकदा आणि कारखाना सुरू असताना पंधरा दिवसांनी धुवाव्यात. रेडिएटरच्या पात्यांतली धूळ मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने काढा, पण ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो गरगर फिरता कामा नये.

आणि जुना, खोक्यात आलेला तो चिमुकला कूलर भंगारवाल्याला देऊ नका. पाण्याचा कूलर वॉरंटीत पाठवला तर परत यायला दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि तोवर संगणक त्याच्यावाचून चालवता येत नाही. जुना त्याच्या पिनांसकट बिस्किटांच्या डब्यात घालून, पेस्टची उरलेली नळी आणि खरेदीचे बिल त्यातच ठेवून, डब्यावर चिठ्ठी चिकटवून माळ्यावर टाका. बिलाची शाई उडते, म्हणून त्याची एक झेरॉक्सही बरोबर ठेवा.